माकडे कोठे सोडायची, हा दुसरा प्रश्न आहे

नाशिक जिल्ह्यात माकडांचा विषय निघाला की दोनच बाजू ऐकू येतात. एका बाजूला त्र्यंबक, पेठ, सुरगाणा, कळवण या भागांतला शेतकरी असतो. त्याचा आंबा, भुईमूग, मका आणि परसातला भाजीपाला टोळ्या डोळ्यांदेखत फस्त करतात. त्याची मागणी सरळ असते: ही माकडे पकडा आणि लांबच्या जंगलात नेऊन सोडा. दुसऱ्या बाजूला भाविक आणि प्राणिप्रेमी असतात. ज्या जिल्ह्यात अंजनेरी आहे तिथे मारुतीरायाच्या वंशाला कोणी हात लावू नये, असे त्यांचे म्हणणे असते, आणि त्या श्रद्धेपोटी ते घाटात गाडी थांबवून केळी-फुटाणे वाटतात. दोन्ही बाजूंची कळकळ खरी आहे. पण दोघांनीही एक गोष्ट न तपासता गृहीत धरली आहे: माकड म्हणजे माकड, इथले काय आणि तिथले काय. पहिल्या बाजूला वाटते की ते उचलून कोठेही ठेवता येते. दुसऱ्या बाजूला वाटते की ते कोठेही आणि कशावरही जगते. वादाची सगळी दिशा या गृहीतकाने बिघडवली आहे.

माझी भूमिका अशी आहे. रानातल्या माकडांचा प्रत्येक समूह हा त्याच्या भूगोलाने आणि त्याच्या पूर्वजांनी सोसलेल्या हवामानाने घडलेला असतो. नदी, खिंड, समुद्र, कोरडा पट्टा यांनी हजारो, कधी लाखो वर्षे टिकवलेला एक जुना दुरावा असतो, आणि त्यातून प्रजाती, उपप्रजाती, स्थानिक सवयी घडतात. दुसरा दुरावा नवा आहे. महामार्ग, खाणी, कुंपणे आणि झाडे नसलेले सलग शेतीपट्टे यांनी तो पन्नास-साठ वर्षांत उभा केला आहे. इतक्या थोड्या काळात त्यातून काही नवे घडत नाही, असलेलेच झिजते. सार्वजनिक धोरणाचे काम जुना दुरावा जपण्याचे आणि नवा दुरावा सांधण्याचे आहे. आपण आज नेमके उलटे करतो: जुना दुरावा पिंजऱ्याच्या गाडीने मोडतो आणि नवा दुरावा रस्ता रुंद करून वाढवतो.

नदी माकडांना विभागते, हे शास्त्राला फार पूर्वी कळले आहे. ब्रिटिश निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड रसेल वॉलेस ॲमेझॉनच्या खोऱ्यातून परतल्यावर १८५२ साली त्याने लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेपुढे तिथल्या माकडांवर एक निबंध वाचला. ॲमेझॉन, निग्रो, मदिरा या नद्यांच्या एका काठावर दिसणारी काही माकडे दुसऱ्या काठावर दिसतच नाहीत, असे त्याने नोंदवले. आपल्याकडे याचे ठळक उदाहरण आसाम आणि भूतानच्या सीमेवर आहे. सोनेरी वानर पश्चिमेला संकोश आणि पूर्वेला मानस या दोन नद्यांच्या मधल्या पट्ट्यातच नैसर्गिकरीत्या सापडते; मानस ओलांडली की त्याची जागा टोपीवाल्या वानराने घेतलेली असते. इंडोनेशियातील सुलावेसी बेटाची गोष्ट याहून विलक्षण आहे. हे बेट हिमयुगातही बोर्निओशी जोडले गेले नाही, कारण मधला समुद्र खोल आहे. केव्हातरी तिथे पोहोचलेल्या माकडांपासून त्या एकाच बेटावर सात प्रजाती ओळखण्यापर्यंत वेगळेपण वाढले. त्यांच्या सीमा जिथे पडतात, जवळपास तिथेच त्या बेटावरच्या भेकांच्या, म्हणजे एका जातीच्या बेडकांच्या, समूहांच्याही सीमा पडतात. माकड आणि भेक यांच्या जगण्यात काहीही साम्य नाही. मग दोघांच्या सीमा जुळतात कशा? कारण सीमा प्राण्यांनी आखलेली नाही; जमिनीच्या आणि हवामानाच्या इतिहासाने ती आखली आहे.

वॉलेसच्या त्याच निबंधात आणखी एक निरीक्षण आहे, आणि नाशिककरांनी ते विशेष लक्षात घ्यावे असे आहे. नदीच्या उगमाकडे जावे तसतशी ती सीमा म्हणून निकामी होते आणि बहुतेक प्रजाती दोन्ही काठांवर सापडू लागतात. आपल्या द्वीपकल्पात डोक्यावर केसांची टोपी असलेले बॉनेट माकड दक्षिणेचे आणि ऱ्हीसस माकड उत्तरेचे, अशी जुनी वाटणी आहे. या दोघांमधली रेषा पश्चिमेला तापी आणि पूर्वेला गोदावरी अशी मानली जात आली. काळ्या तोंडाच्या, लांब शेपटीच्या हनुमान वानरांची एक जुनी विभागणीही याच रेषेच्या आसपास पडते. उत्तरेकडचे वानर चालताना शेपटी पाठीवरून डोक्याच्या दिशेने वळवते, दक्षिणेकडचे शेपटीची कमान मागच्या बाजूला सोडते. हा फरक भारतीय प्राणिशास्त्रज्ञ एम. एल. रूनवाल यांनी तपशिलाने मांडला होता, आणि पुढे डीएनएच्या अभ्यासाने एका 'हनुमान वानरा'च्या जागी अनेक प्रजाती मानण्याची गरज पुढे आणली. आता नकाशा समोर घ्या. गोदावरी ब्रह्मगिरीवर उगम पावते. तापीला मिळणारी गिरणा याच जिल्ह्याच्या डोंगरांत उगम पावते. पार, दमणगंगा आणि वैतरणा येथूनच निघून पश्चिमेच्या समुद्राला जातात. म्हणजे खाली आंध्रात जी गोदावरी माकडांना अडवणारी भिंत आहे, ती त्र्यंबकला एका उडीचा ओढा आहे. नाशिकचे डोंगर या रेषेच्या पश्चिम टोकाशी असलेले दार आहेत. ज्या जिल्ह्यातून दोन्ही बाजूंना जाता येते, त्या जिल्ह्यात कोणते माकड कोठून आणून कोठे सोडले जाते, हा प्रश्न किरकोळ कसा असेल?

पण नद्या हा कथेचा अर्धा भाग झाला. उरलेला अर्धा हवामानाचा आहे, आणि आपल्या चर्चेत तो जवळजवळ येतच नाही. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी शेवटच्या हिमयुगाचा कडाका शिगेला होता तेव्हा समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती, नैर्ऋत्य मोसमी पाऊस दुबळा झाला होता आणि भारताच्या मोठ्या भागात जंगल आक्रसून गवताळ माळ पसरले होते. याचा पुरावा शोधायला लांब जावे लागत नाही. नाशिक जिल्ह्याला लागून असलेल्या चाळीसगाव तालुक्यातील पाटणे येथील उत्खननात शहामृगाच्या अंड्यांची कवचे सापडली. त्यांचे वय सुमारे २५,००० वर्षे येते. शहामृग हा उघड्या, कोरड्या माळाचा पक्षी. अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी ज्या काळात शहामृग चरत होते, त्या काळात फळझाडांवर जगणारी माकडे पाणी आणि सावली टिकून राहिलेल्या दऱ्याखोऱ्यांत गोळा झाली असणार, असे अनुमान काढणे धाडसाचे ठरू नये. पुढे पाऊस परतला, जंगल पसरले, आणि त्या कोपऱ्यांतून माकडेही पुन्हा पसरली. असे आक्रसणे आणि पसरणे एकदाच घडलेले नाही. गेल्या काही लाख वर्षांत ते पुन्हा पुन्हा घडले, आणि दर वेळी काही समूह नष्ट झाले, काही तुटून वेगळे पडले, तर काही पुन्हा एकमेकांत मिसळले.

आजच्या विचित्र वाटणाऱ्या वाटणीचा उलगडा यातूनच होतो. सिंहपुच्छ माकड कर्नाटक, केरळ आणि तमिळनाडूतील सह्याद्रीच्या ओल्या जंगलापुरते राहिले आहे, आणि त्याचे जवळचे नातलग थेट ईशान्य भारतात आणि आग्नेय आशियात आहेत. मधल्या सुमारे दोन हजार किलोमीटरमध्ये त्या कुळाचे कोणीही नाही. बॉनेट माकडाचे नातलगही असेच लांबवर विखुरलेले आहेत: एक श्रीलंकेत, बाकीचे आसाम, अरुणाचल आणि तिबेटच्या बाजूला. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९४९ मध्ये सातपुड्याचा सिद्धांत मांडला तो अशाच तुटक वाटणीचे कोडे सोडवण्यासाठी. पूर्वीच्या ओल्या काळात सातपुड्याच्या रांगेने हिमालयाकडचे जीव सह्याद्रीपर्यंत आले असावेत, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांचा मुख्य आधार डोंगरी ओढ्यांतील माशांचा होता, आणि हा सिद्धांत आजही सर्वांना मान्य नाही. पण मधला प्रदेश कधी ओला तर कधी कोरडा होत गेला आणि त्यामुळे जीवांच्या वाटा उघडत-मिटत राहिल्या, हा त्यातला मुख्य विचार टिकून आहे. श्रीलंकेचेच पाहा. समुद्र खाली गेला तेव्हा पाल्कची उथळ सामुद्रधुनी कोरडी पडून जमिनीचा पूल तयार झाला. तरीही तिथले माकड बॉनेटहून वेगळी प्रजाती राहिले. समुद्र उतरतो तो काळ हिमयुगाचा, म्हणजेच कोरडा. पूल उघडतो तेव्हाच त्याच्या दोन्ही टोकांचे जंगल विरळ झालेले असते. नुसती जमीन जोडलेली असणे माकडाला पुरत नाही, हे या उदाहरणातून दिसते, आणि आजच्या आपल्या रस्त्यांना व शेतांनाही तेच लागू पडते. सह्याद्रीतही पालघाटची सुमारे तीस किलोमीटर रुंद खिंड सिंहपुच्छ माकडांना दोन बाजूंना विभागते, आणि त्यांच्या डीएनएमध्ये तो दुरावा लाखो वर्षांचा असल्याचे दिसते.

इथे पहिला सबळ आक्षेप येतो, आणि तो टाळून चालणार नाही. माकडांनी हिमयुगे पचवली, दुष्काळ पचवले, आपल्या शहरांतही ती मजेत राहतात; मग गाडीत घालून शंभर किलोमीटरवर नेल्याने त्यांचे काय बिघडणार? ऱ्हीससपुरते या म्हणण्यात तथ्य आहे. १९५० आणि ६० च्या दशकांत पोलिओच्या लसीसाठी आणि इतर संशोधनासाठी भारतातून ऱ्हीसस माकडे प्रचंड संख्येने परदेशी पाठवली गेली, उत्तर भारतात त्यांची संख्या घसरली, १९७८ मध्ये निर्यातीवर बंदी आली आणि त्यानंतर ती सावरली. एवढा चिवट प्राणी विरळाच. पण जे तगले तेच आपल्याला आज दिसतात, म्हणून सगळे तगले असे मानणे हा तर्कदोष आहे. आज मोरोक्को आणि अल्जीरियाच्या डोंगरांत उरलेल्या बार्बरी माकडाचे जीवाश्म इंग्लंड, जर्मनी, इटली इथवर सापडतात. एके काळी हा प्राणी युरोपभर होता आणि हिमयुगाच्या चढउतारांतून तिथे तो उरला नाही. शिवाय पूर्वीच्या हवामानबदलात जंगल सरकले तर माकडही सरकू शकत होते, कारण मध्ये सिमेंट नव्हते. माणसाचा इतिहासही हेच सांगतो. पुरातत्त्वज्ञ सांकळिया आणि देव यांनी १९५०-५१ मध्ये नाशिक व जोर्वे येथे केलेल्या उत्खननांतून गोदावरी-प्रवरेच्या खोऱ्यातील ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांचे जग उजेडात आले. इसवी सनापूर्वी १००० च्या सुमारास त्यांतली बहुतेक गावे ओस पडली, आणि वाढता कोरडेपणा हे त्यामागचे मोठे कारण असल्याचे म. के. ढवळीकर यांनी मांडले. त्या शेतकऱ्यांना निदान उठून दुसरीकडे जाण्याची मोकळीक होती. द्राक्षबागांच्या तारांमध्ये आणि चौपदरी रस्त्यांमध्ये अडकलेल्या डोंगरावरच्या टोळीला ती आहे का?

याच आक्षेपाची दुसरी बाजू संख्येची आहे. माकडे वाढली आहेत, मग ती धोक्यात कशी, असे विचारले जाते. जपानचे उदाहरण इथे उपयोगी पडते. जपानी माकडांचे पूर्वज काही लाख वर्षांपूर्वी मुख्य भूमीवरून जमिनीच्या पुलाने आले आणि मग समुद्राने मागचे दार बंद केले. पुढे त्यांच्या मायटोकॉन्ड्रियल डीएनएचा, म्हणजे आईकडून येणाऱ्या वारशाचा, देशभर अभ्यास झाला तेव्हा पश्चिम जपानमध्ये बरीच विविधता आढळली आणि पूर्व जपानमध्ये विस्तीर्ण प्रदेशावर जवळजवळ एकसारखेपणा. हिमयुगाच्या थंडीत पूर्वेकडचे समूह आक्रसून थोडके उरले आणि हवा उबदार झाल्यावर त्या थोडक्यांचीच संतती सगळीकडे पसरली, असा त्याचा अर्थ लावला जातो. म्हणजे टोळ्या पुष्कळ, पण आतून पिढीजात भांडवल तुटपुंजे. डोकी मोजून हे कधीच कळले नसते. आपल्याकडे बॉनेट माकडाचे तर डोक्यांचेही गणित उलटे चालले आहे. गावात ते सतत दिसते म्हणून ते विपुल वाटते, पण आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत त्याची नोंद आता 'असुरक्षित' म्हणून आहे. गोदावरी आणि तापीच्या दक्षिणेला ऱ्हीससचा शिरकाव झाल्याचे भारतीय अभ्यासकांनी गेल्या दीड दशकात दाखवून दिले, आणि माणसाने नेऊन सोडलेली माकडे हे त्याचे एक कारण म्हणून पुढे आले. बॉनेट माकड भारताच्या द्वीपकल्पाबाहेर जगात कोठेही रानात नाही. त्याच्या मुलखात ऱ्हीसस आणून सोडणे म्हणजे जे फक्त आपले आहे ते आपल्याच हाताने पुसणे होय.

दुसरा आक्षेप अधिक विचारी माणसे घेतात. निसर्गात मिश्रण होतच असते. सुलावेसीतही प्रजातींच्या सीमेवर संकर होतो. मग 'इथले' आणि 'तिथले' असा भेद करणे म्हणजे प्राण्यांवर माणसाच्या सोवळ्याच्या कल्पना लादणे नव्हे का? हा इशारा मी गांभीर्याने घेतो. शुद्धतेचा आग्रह हे माझ्या म्हणण्याचे कारण नाही. जिब्राल्टरचा दाखला तर माझ्या बाजूच्या भोळ्या समर्थकांना गप्प करणारा आहे. तिथली बार्बरी माकडे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मोजकीच उरली तेव्हा मोरोक्को आणि अल्जीरियातून नवी माकडे आणली गेली, आणि दोन्हीकडच्या या मिश्रणामुळेच पुढे त्या छोट्या समूहात चांगली जनुकीय विविधता आढळली. म्हणजे बाहेरून आणलेली माकडे काही वेळा हिताचीही ठरतात. पण तिथे आणलेली माकडे त्याच प्रजातीची होती, ती जाणीवपूर्वक आणली गेली आणि बुडवायला शेजारी कोणताही मूळ रानटी समूह नव्हता. निसर्गातला संकर सीमेच्या अरुंद पट्ट्यात घडतो आणि दोन्ही बाजूंचे मोठे समूह त्याला तोलून धरतात. गाडीतून आणलेल्या माकडांचा संकर समूहाच्या गाभ्यात घडतो. त्याची किंमत जपानने मोजली आहे. वाकायामा भागात बंदिस्त जागेतून सुटलेल्या तैवानी माकडांचा स्थानिक माकडांशी संकर झाला आणि ते सगळे काढून टाकण्यात सरकारची वर्षे गेली. चिबा भागात ऱ्हीससच्या संकरामुळे २०१७ साली एका प्राणिसंग्रहालयातील ५७ माकडांना मारण्यात आले, कारण तपासणीत त्यांच्यात परक्या प्रजातीची जनुके सापडली. त्या ५७ जिवांचा यात काय दोष होता? ज्यांनी आधी परकी माकडे आणली आणि मोकळी होऊ दिली, त्यांच्या निष्काळजीपणाची शिक्षा पुढच्या पिढीतल्या माकडांना मिळाली. स्थलांतर हा दयाळू मार्ग आहे असे मानणाऱ्यांनी हा शेवटही डोळ्यांसमोर ठेवावा.

तिसरा आक्षेप वृंदावनचा आहे आणि तो तथ्यावर उभा आहे. १९९७ मध्ये वृंदावनातून सुमारे ६०० ऱ्हीसस माकडे पकडून वनक्षेत्रांत सोडण्यात आली, आणि नंतर पाहणी करणाऱ्या अभ्यासकांनी ती तिथे नीट रुळल्याचे नोंदवले. हे मान्य करायलाच हवे: स्थलांतर नेहमी फसते, असे म्हणता येत नाही. मात्र तिथे ऱ्हीसस माकडे ऱ्हीससच्याच मुलखात गेली, जागा आधी पाहून ठरवल्या गेल्या आणि सोडल्यानंतरही कोणीतरी जाऊन पाहिले. आपल्याकडे 'लांबच्या जंगलात' या दोन शब्दांत यांपैकी काय येते? शिवाय वृंदावनात भाविकांच्या हातातून वस्तू पळवणारी माकडे आजही आहेत, कारण त्यांना तिथे आणणारे अन्न तिथेच राहिले. दिल्लीनेही शहरातली माकडे असोला-भट्टी अभयारण्यात हलवली. तिथे त्यांना पोसण्यावर सरकारी खर्च करावा लागला आणि शहरातला त्रास काही संपला नाही. मोकळी झालेली जागा शेजारची टोळी भरते, हे शेतकऱ्याला कोणी शास्त्रज्ञाने सांगायची गरज नाही. त्याने ते बांधावरून पाहिलेले असते.

आता नव्या दुराव्याकडे वळू, कारण माझ्या मते नाशिकचे खरे दुखणे तिथे आहे. माकडांच्या टोळीत माद्या सहसा जन्माच्या टोळीतच राहतात आणि वयात आलेले नर बाहेर पडून दुसऱ्या टोळीत जातात. दोन डोंगरांवरच्या समूहांना जोडणारा धागा म्हणजे हे भटके नर. नर ज्या वाटेने जातो ती वाट तुटली तर दोन्ही डोंगरांवरचे समूह दिसायला पूर्वीसारखेच राहतात, पण काही पिढ्यांत त्यांच्यात रक्ताच्या नात्यातल्या जोड्या वाढतात आणि रोगाला किंवा दुष्काळाला तोंड देण्याची ताकद घटते. गुवाहाटीजवळ ब्रह्मपुत्रेतील उमानंद बेटावर १९८० च्या दशकात सोनेरी वानरे सोडण्यात आली. भाविकांच्या प्रसादावर ती काही काळ वाढली, पण बाहेरून कोणी येण्याची शक्यताच नसलेला तो इवलासा समूह घटत जाऊन शेवटी संपला. श्रद्धेने दिलेल्या खाण्याने वाट तयार होत नाही. आता सप्तशृंगीचा गड पाहा. सातमाळ्याची रांग गिरणेचे पाणी आणि गोदावरीचे पाणी वेगळे करत पूर्वेकडे जाते. एके काळी माकडांना डोंगराडोंगराने सरकायला ती सलग वाट होती. आज त्या रांगेतले कित्येक डोंगर भोवतालच्या उघड्या शेतीत बेटांसारखे उभे आहेत. ब्रह्मगिरीच्या परिसरात डोंगर फोडण्याविरुद्ध नाशिककरांनी आवाज उठवला तो पाण्याच्या काळजीने, आणि ती योग्यच आहे. पण त्या उताराबरोबर झाडावरून झाडावर जाणारी वाटही जाते, हे त्या चर्चेत आले नाही. अंजनेरीच्या पठाराने एकटेपणात काय घडते ते आपल्याला दाखवून ठेवले आहे. २००६ साली शास्त्राला नवी म्हणून नोंदली गेलेली तिथली कंदीलपुष्पाची प्रजाती त्या डोंगराच्या नावाने ओळखली जाते. जुन्या दुराव्याची अशी देणगी ज्या जिल्ह्याला मिळाली, त्याने नव्या दुराव्याबद्दल अधिक जागरूक असायला हवे.

रस्त्यांच्या बाबतीत तर पुरावा दक्षिणेतून आधीच आलेला आहे. मैसूर परिसरात माकडांचे अभ्यासक मेवा सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन दशकांहून अधिक काळ रस्त्याकडेच्या बॉनेट माकडांची नोंद ठेवली. ज्या माकडाला आपण सर्वत्र असलेले समजतो, त्याची त्या रस्त्यांवरची संख्या निम्म्याहून अधिक घटली. रस्त्याकडेचे जुने वड आणि इतर मोठी झाडे गेली, आणि तक्रारींमुळे टोळ्या पकडून हलवल्या गेल्या. मुंबई-आग्रा रस्त्यावर आणि त्र्यंबकच्या वाटेवर वड, उंबर, पिंपळ होते तेव्हा वाटसरूला सावली होती आणि माकडाला फळ. ती तोडल्यावर माकड शेतात आणि मंदिराच्या पायऱ्यांवर येणार नाही तर कोठे जाणार? २०२७ च्या सिंहस्थासाठी रस्ते रुंद होत आहेत आणि तपोवनातील झाडांवरून शहरात मोठा वाद झाला. त्या वादात झाडांची संख्या मोजली गेली. कोणते झाड कोणत्या दोन हिरव्या तुकड्यांना जोडते हे कोणी मोजले नाही. विकासाला माझा विरोध नाही. समृद्धी महामार्ग इगतपुरीजवळ सुमारे आठ किलोमीटर बोगद्यातून जातो, आणि तेवढ्या अंतरात डोंगराचा माथा अखंड राहिला आहे. अण्णामलैच्या वालपराई भागात सिंहपुच्छ माकडांसाठी रस्त्यावरून झाडांच्या उंचीवर साधे झुलते पूल बांधले गेले आणि ती ते वापरतात. यातली कोणतीही गोष्ट आपल्या आवाक्याबाहेरची नाही.

शेवटचा आक्षेप शेतकऱ्याचा आहे आणि तोच सर्वांत जड आहे. लाखो वर्षांचा इतिहास तुम्ही सांगता, माझे पीक मात्र या हंगामात गेले, असे तो म्हणतो. सुरगाण्यातल्या दोन एकरांच्या आदिवासी शेतकऱ्याने बॉनेट माकडाच्या वारशाचा भार एकट्याने का उचलावा? त्याने तो उचलू नये, हे माझे स्पष्ट मत आहे. हा वारसा सगळ्यांचा असेल तर त्याचा खर्चही सगळ्यांचा आहे. भरपाई पंचनाम्याच्या फेऱ्यांत न अडकता त्याच हंगामात आणि फळझाडाच्या खऱ्या किमतीने मिळाली पाहिजे. मागणीमागचे दुःख खरे आहे. मागितलेला उपाय मात्र ते दुःख पुढच्या गावाच्या शेतकऱ्याकडे ढकलतो, कारण सोडलेली टोळी जंगलात थांबत नाही, जवळची शेती शोधते. म्हणून पिकाच्या हंगामात राखणदारांना रोजगार, टोळी नेमकी ज्या बाजूने उतरते तिथे सामूहिक राखण, घाटात आणि गडावर खाऊ घालण्यावर खरोखर अमलात येणारी बंदी, आणि कचऱ्याची बंद व्यवस्था, हे कामाचे मार्ग आहेत. हिमाचल प्रदेशाने कित्येक वर्षे निर्बीजीकरण राबवले आहे. त्याचा उपयोग गावात मुरलेल्या टोळ्यांपुरता, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली करता येईल. रानातल्या समूहांवर ते करू नये.

आणि एखादी टोळी हलवावीच लागली, तर वनविभागाने तीन गोष्टींची नोंद केल्याशिवाय पिंजऱ्याची गाडी निघू नये: ते बॉनेट आहे, ऱ्हीसस आहे की वानर, ते गोदावरी, गिरणा आणि पश्चिमवाहिनी नद्या यांपैकी कोणत्या खोऱ्यातले आहे, आणि ज्या डोंगरावर ते सोडायचे तिथे आधीपासून कोण राहते. नाशिकच्या महाविद्यालयांतील प्राणिशास्त्राचे विभाग आणि वनविभाग यांनी मिळून जिल्ह्यातल्या टोळ्यांच्या विष्ठेचे नमुने गोळा करावेत. त्यातून डीएनए मिळतो, आणि माकडाला हातही लावावा लागत नाही. त्र्यंबक, इगतपुरी, सातमाळा आणि सेलबारी-डोलबारी या चार डोंगरभागांतले समूह एकमेकांशी अजून किती जोडलेले आहेत, हे त्यावरून कळेल. ज्या डोंगरांमधला धागा नुकता तुटलेला दिसेल, तिथे आधी झाडांची वाट सांधावी. सिंहस्थाच्या रस्त्यांचे आराखडे अजून पूर्णपणे जमिनीवर उतरलेले नाहीत. त्र्यंबक रस्त्यावर कोणती मोठी झाडे उभी राहतील आणि कोठे झुलता पूल बसेल, हे त्यांत आत्ता लिहिता येईल.